बरकतपुऱ्यातलं जोहान्सबर्ग

"पास?"

दारात हात आडवा घालून तो उभा होता. डोक्यावर साहेबी सोला हॅट, अंगात खाकी शर्ट, आणि आवाज असा की नल्लकुंट्याची ती शाळा जणू त्याच्या आजोबांनी बांधली.

"कसला पास?" मी विचारलं.

"आत जायचा. पास नसेल तर मागं फिरायचं."

माझ्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात गळकी छत्री. मधुदादा बँकेतून परस्पर नाटकाच्या तालमीला जायचा, म्हणून आईनं मला डबा देऊन पिटाळलं होतं. ऑगस्टची भुरभुर सकाळपासून थांबली नव्हती, चपला चिखलानं जड झाल्या होत्या आणि हा मनुष्य मला पास मागत होता. माझं डोकं तापायला तेवढं पुरे झालं.

"हे बघा," मी म्हटलं, "या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. आतल्या तिसऱ्या बाकावर माझं नाव कोरलेलं आहे. तेव्हा तुमची ही टोपी इथं कुणी पाहिलीही नव्हती. आणि आता तुम्ही मला सांगणार, आत जाऊ की नको?"

त्याचा आडवा हात खाली आला. मग कानामागची पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी लिहू लागला.

"जरा थांबा… 'तेव्हा तुमची ही टोपी इथं कुणी पाहिलीही नव्हती'… पुढं काय म्हणालात?"

"वेडेबिडे आहात का?"

"हौ. लोक म्हणतात तसं," तो म्हणाला आणि हसला. हसला तेव्हा टोपीखालचा साहेब कुठल्या कुठं पळाला. राहिला एक सावळा, उंच, ओठावर घामाचे थेंब असलेला मुलगा… आणि मला उगीचच छत्री मिटवायची आठवण झाली.

आतून मधुदादा हसत बाहेर आला. "सत्ते, हे हिम्मतराव. आमच्या नाटकाचे लेखक. रोज दारात उभे राहून आम्हाला पास मागतात. ज्याच्याकडं चिठ्ठी नाही त्याला अर्धा तास पावसात उभं करतात."

"का?"

"म्हणजे अपमान कसा असतो ते कळतं," हिम्मतराव म्हणाले. "ते ऐकून कळत नसतं."

नाटक जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीतलं होतं. तिथं काळ्या माणसाला स्वतःच्या देशात रस्त्यावरून चालायला पास लागे. बायकोला घेऊन खाणीच्या वस्तीत राहायचीही सोय नव्हती. खाणकामगार थाबो तारेच्या कुंपणाआत आणि त्याची बायको लिंडी कुंपणाबाहेर, अशी ती गोष्ट. हिम्मतराव कधी विजयवाड्यापलीकडं गेले नव्हते. ते तारनाक्यापलीकडच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, मूळचे नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. पण त्यांच्या खात्यात अप्पाराव नावाचे म्हातारे मिस्त्री होते, आणि त्यांच्या आयुष्याची अकरा वर्षं आफ्रिकेत गेली होती, आधी उसाच्या मळ्यात, मग खाणीत. जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता त्यांनी जे सांगितलं, ते हिम्मतरावांनी लिहून काढलं.

नाटक बसवणाऱ्या मराठी मंडळाच्या लोकांना हे नाटक नकोच होतं. साल छप्पन, आणि एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, तेलंगण आंध्रात, कानडी भाग म्हैसुरात. सरकारी खात्यातली निम्मी मराठी घरं सामान बांधायला लागली होती. निरोपाचा कार्यक्रम म्हणून काहीतरी हलकंफुलकं करा, गाणी ठेवा, असं सगळ्यांचं म्हणणं. हिम्मतराव म्हणाले, "निरोपाला नुसती गाणी म्हटली तर लोक दुसऱ्या दिवशी विसरतील." आणि विषय तिथं संपला.

एकजण म्हणाला, निदान तोंडाला काजळ तरी फासू या. हिम्मतरावांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "वर्कशॉपातून येतो तसंच उभं राहायचं. आपण काय कमी काळे आहोत?"

मला तो माणूस त्याच क्षणी आवडला. पण हे मी स्वतःला बरेच दिवस कळू दिलं नाही.

घोळ वेगळाच होता. नाटक मराठी, पण लिहिलेलं सगळं उर्दू लिपीत. निजामाच्या राज्यात बहुतेक सरकारी शाळा उर्दूतून, त्यामुळे हिम्मतरावांच्या तोंडात मराठी आणि हातात अलिफ-बे. मराठी पुस्तक ते वाचत, पण बोट ठेवून, ओठ हलवत. थोरल्या नटांना ती लिपी येत होती, नव्या पोरांना नाही, आणि प्रॉम्प्टरलाही नाही. मग मधुदादा माझ्याकडं बघून म्हणाला, "हिचं अक्षर मोत्यासारखं आहे." झालं, माझी नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉप सुटलं की हिम्मतराव बरकतपुऱ्यात आमच्या ओसरीवर येऊ लागले. हातपाय धुऊन यायचे, तरी नखांत तेलाची काळी रेघ राहायचीच. आम्ही एका टेबलाशी शेजारी बसायचो. ते वाचायचे, मी लिहायची. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडं सरके, माझं पेन डावीकडून उजवीकडं, आणि मध्येच कुठंतरी दोघं एकमेकांजवळ येत. मग ते बोट थांबायचं. पेनही थांबायचं.

आत आरामखुर्चीत बाबा उर्दू पेपर तोंडासमोर धरून बसलेले. ते महसूल खात्यात होते आणि उभ्या जन्मात त्यांनी एवढा वेळ पेपर वाचलेला मी पाहिला नव्हता.

"थाबोनं मरायलाच हवं का?" एकदा मी विचारलं.

"तिथं मरतातच."

"तिथं मरतात. पण तुम्ही लिहिताय ना? मग तुम्ही नका मारू."

"तुम्ही भांडता फार."

"तुम्ही ऐकता कमी."

"ऐकतो तर. त्या दिवशी शाळेच्या दारात जे बोललात, ते सगळं लिंडीच्या तोंडी घातलंय." ते खाली बघून म्हणाले, "खरं तर लिंडीच्या तोंडचं आता सगळं… तुमचंच येतं."

आतला पेपर सळसळला. आईनं चहा आणून ठेवला, कप जरा जोरातच ठेवला. मी नाकासमोर बघून लिहीत राहिले, पण ती ओळ इतकी वाकडी आली की खोडून पुन्हा लिहावी लागली.

थाबो मेला नाही. पण कुंपणाचा प्रवेश मात्र काही केल्या त्यांना जमेना. लिंडी चार दिवस चालत खाणीपर्यंत येते, तारेबाहेर उभी राहते, तिच्याकडं पास नाही. थाबोनं तिला काय सांगावं? शेवटी मीच सुचवलं, "तो म्हणेल, तू जा. गावी आपली माणसं आहेत." हिम्मतरावांनी बराच वेळ विचार केला आणि ते वाक्य तसंच ठेवलं. किती शहाणी होते मी तेव्हा, आता आठवलं की हसू येतं.

ऑक्टोबरच्या मध्यात बाबांनी खात्यातून एक छापील फॉर्म आणला. सरकारी नोकरानं कुठल्या राज्यात जायचं ते त्यात लिहून द्यायचं होतं. घरातले सगळे फॉर्म माझ्याच हातचे, तेव्हा हाही मीच भरायचा. बाबांचा विचार पक्का होता, मुंबई राज्य, औरंगाबाद. "आपली भाषा, आपली माणसं," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांच्या लिपीत फायली लिहिल्या. शेवटची वर्षं तरी मराठीत काढू." त्यात चूक काहीच नव्हती. मी मात्र फॉर्म तसाच कोरा ठेवून दिला.

मुदत सोमवारची. नाटक त्याच्या आदल्या दिवशी.

तालमीनंतर शाळेच्या व्हरांड्यात मी हिम्मतरावांना सांगितलं. ते दोरीची गुंडाळी करत होते. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"औरंगाबाद… बरं झालं," ते म्हणाले. "तिथं सगळे मराठी वाचतात. तुम्हाला बोट ठेवून वाचणाऱ्यांची संगत नको."

"एवढंच बोलायचंय तुम्हाला?"

"मी फिटर आहे, सत्यवतीबाई. तुम्ही केशवरावांची मुलगी. मी काय बोलणार?"

"नाटकात मोठमोठ्या गोष्टी लिहिता… आणि इथं दोरी गुंडाळता," असं म्हणून मी तरातरा निघाले. काचीगुड्याच्या चौकापर्यंत रडू आवरलं, पुढं नाही आवरलं.

रविवारी दुपारी चारला पडदा. एवढ्या लवकर, कारण प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना संध्याकाळी काचीगुड्याहून मनमाडची गाडी धरायची होती. लोक ट्रंका, वळकट्या घेऊनच शाळेच्या हॉलमध्ये आले होते. चारशे माणसं आणि त्यांचं सामान. पोरं ट्रंकांवर बसलेली. पहिल्या रांगेत आई-बाबा.

आणि आत गोंधळ. थाबोचं काम करणारे भगवंतराव दोन दिवसांपूर्वीच बदलीच्या हुकमानं बीडला गेले. तेव्हा हिम्मतराव स्वतः उभे राहणार होते. प्रॉम्प्टरही गेला, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. ते ठीक होतं. पण मी लिहिलेली सुटी पानं उडू नयेत म्हणून मधुदादानं ती छत्ता बाजारातल्या बाइंडराला दिली होती, आणि त्या भल्या माणसानं जन्मभर उर्दू किताबांची बांधणी केलेली. त्यानं सवयीनं वही उजव्या बाजूनं शिवली. मी विंगेत जाऊन ती उघडते तर समोर शेवटचं पान. उलटून बघते तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शिलाईत गडप.

"दादा, हे काय?"

"सत्ते, बाइंडिंग किती मजबूत केलंय बघ," मधुदादा म्हणाला. त्याच्या तोंडाला गोऱ्या साहेबाची पावडर लागली होती, त्यामुळे तो पांढराफटक पडला की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

मी वही मिटून स्टुलावर ठेवली. मला तिची गरजच नव्हती. दोन महिने ते नाटक माझ्या कानात आणि बोटांत होतं.

पडदा वर गेला. पहिल्या प्रवेशात मधुदादानं "पास!" म्हणून आरोळी ठोकली तेव्हा हॉलमधले लोक हसले. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं एका म्हाताऱ्या कामगाराची चिठ्ठी फाडली, तेव्हा मागून अप्पारावांचा आवाज आला, "ऐसाइच करते थे. बिलकुल ऐसाइच." सगळा हॉल वळून बघायला लागला. म्हातारा ताठ बसून रडत होता.  एवढ्या लांबचं दुःख नल्लकुंट्याच्या शाळेत येऊन बसलं होतं, ट्रंका-वळकट्यांच्या मध्ये, आणि सगळ्यांना ते आपलं वाटत होतं.

मग कुंपणाचा प्रवेश आला. तारेबाहेर लिंडी, म्हणजे आमच्या गल्लीतली मालती. तारेआत हिम्मतराव, वर्कशॉपातल्याच कपड्यात. मालती म्हणाली, "चार दिवस चालत आले. आत येऊ?"

आता थाबोनं बोलायचं. हिम्मतराव गप्प.

मला वाटलं, विसरले. मी विंगेतून हळूच म्हटलं, "तू जा… गावी आपली माणसं आहेत…"

त्यांनी मान वळवली. मालतीकडं नाही, विंगेकडं. माझ्याकडं.

"तू जा," मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.  ते वाक्य माझंच होतं आणि मला ते बोलवत नव्हतं.

हिम्मतराव माझ्याकडं बघत म्हणाले, "जाऊ नकोस."

मालती बिचारी गोंधळून तार धरून उभी राहिली.

"जाऊ नकोस," ते पुन्हा म्हणाले. "त्यांनी तार घातली, म्हणून आपण दोन देशांतले होत नाही. शहाणपणानं 'जा' म्हणणारी माणसं खूप आहेत. मीही म्हटलं. चुकलो. तू इथं राहा. माझ्याकडं काही नाही, पण तू राहा."

यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. आजवर ते मला 'तुम्ही' म्हणत आले होते, आणि पहिल्यांदा 'तू' म्हटलं ते चारशे माणसांसमोर. मी विंगेच्या कापडात तोंड खुपसलं. मालती हुशार, तिनं सरळ तार वर उचलली आणि वाकून आत आली. हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ट्रंकांवरची पोरं उठून उभी राहिली. मी फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत बाबाही उभे होते. टाळ्या वाजवत होते.

पडदा पडल्यावर धावपळ झाली, लोकांना गाडी गाठायची होती. हिम्मतराव निरोप घेणाऱ्यांच्या गराड्यात सापडले आणि आई मला हाताला धरून घरी घेऊन गेली. 

सोमवारी सकाळी बाबांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मी पेन उघडलं.

"कालचा तो कुंपणाचा प्रवेश," बाबा म्हणाले. "माझ्या आठवणीप्रमाणं तिथं 'तू जा' आहे."

"हो."

"दोन महिने पेपराआडून ऐकतोय मी. पाठ झालंय मला ते. मग त्यानं बदललं का?"

ते वाक्य विसरले, असं सांगता आलं असतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"त्यांना मला सांगायचं होतं म्हणून," मी म्हटलं. "आणि बाबा… मलाही जायचं नाही."

बाबा खुर्चीत मागं टेकले. "फिटर आहे तो."

"हो."

"शेतकऱ्याचं घर. आपली जात वेगळी, रीत वेगळी. उद्या नातेवाईक विचारतील, केशवरावांना दुसरं कुणी मिळालं नाही का. काय सांगायचं?"

"काल तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात, ते सांगा."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. दारात आई येऊन उभी राहिली होती. तिनं बाबांकडं पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच बसली.

"टाळ्या जपून वाजवाव्यात माणसानं," बाबा शेवटी म्हणाले. "फार महागात पडतात. लिही, मुंबई राज्य."

मी पेन कागदावरून उचललं.

"लिही ना. मी आणि तुझी आई जाऊ. मधूची बँक इथंच आहे, त्यामुळं हे घर काही मोडत नाही. त्या मुलाला निरोप धाड, रविवारी घरच्या मोठ्या माणसांना घेऊन ये म्हणावं. मी रीतसर बोलेन. नाही पटलं तर तसंही सांगेन."

मी लिहिलं. माझं मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी वाईट आलं. एका डोळ्यानं मी हसत होते, दुसऱ्यानं रडत होते. आई औरंगाबादेत आणि मी इथं, हे त्या फॉर्मवर कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण तेही मीच भरत होते.

निरोप मधुदादाच्या हाती देता आला असता. चार वाजेपर्यंत मी तोच विचार केला. मग वेणी घातली आणि तारनाक्याच्या बसमध्ये बसले.

वर्कशॉपचा भोंगा झाला आणि फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. शेकडो सायकली, घंटा, बिड्यांचा धूर, तेलुगू, दख्खनी, मराठी, सगळ्याचा एकच कल्ला. बरकतपुऱ्यातली मुलगी तिथं एकटी उभी म्हणजे नजरा वळायच्याच. वळू देत म्हटलं. 

आधी अप्पारावांनी मला पाहिलं. "अरे हिम्मत," ते ओरडले, "इधर देख, कौन आया."

हिम्मतराव सायकल ढकलत आले. चेहरा काळा, डोळे तेवढे पांढरे. माझ्यापासून दोन हातांवर थांबले.

"फॉर्म भरला?" त्यांनी विचारलं.

"भरला. मुंबई राज्य. माझ्याच हातानं."

त्यांची मान खाली गेली. "हौ… बरं झ—"

"'बरं झालं' म्हणालात तर इथंच भांडण होईल."

"मग काय म्हणू?"

"आई-बाबा जाताहेत. मी जात नाही."

त्यांनी सायकल सोडूनच दिली. ती अप्पारावांनी धरली म्हणून पडली नाही.

"बाबांनी रविवारी बोलावलंय," मी भराभरा सांगितलं. "मोठ्या माणसांना घेऊन. कबूल करतील असं नाही हं, आधी बोलतील. पण बोलावलंय."

"नांदेडला आज तार करतो. आत्ता करतो." ते हात पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा, आणि हात होता तेवढाच काळा राहत होता. "पण एवढ्या लांब तुम्ही… मधुकररावांनी सांगितलं असतं की संध्याकाळी."

"रविवारचं ते सांगू शकले असते," मी म्हटलं. "मला तुम्ही आवडता, हिम्मतराव. हे दादाकरवी कसं कळवायचं?"

आजूबाजूच्या सायकली आम्हाला वळसा घालून जात होत्या. कुणीतरी शीळ घातली. हिम्मतराव माझ्याकडं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "मला तर ऑगस्टपासूनच… तुम्हाला माहीत आहे ते."

"माहीत आहे. तरी म्हणा."

आणि त्यांनी म्हटलं. सगळं वाक्य म्हटलं, फाटकासमोर, उतरत्या उन्हात, न अडखळता.